बदामाची बिस्किटं आणि आमची धाकधूक

तीन बायका एका ओव्हनभोवती जमल्या की बिस्किटं किती होतील ते सांगता येत नाही, किस्से मात्र भरपूर होतात. बिस्किटं विकली जातात, किस्से घरातच साठत राहतात. दुपारच्या चहाला एक निघतो, त्याला लागून दुसरा. आज हसू येतं. ज्या दिवशी घडलं त्या दिवशी मात्र एकीच्याही घशाखाली चहा उतरला नव्हता.

आम्ही तिघी म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ अर्चना आणि मागच्या गल्लीतल्या शबाना आपा. जिंतूरला आमच्या स्वयंपाकघरातच हे काम चालतं. पीठ मळणं आणि भाजणं माझ्याकडं. ऑर्डरी घेणं आणि मोबाईलवर बघून नवीन खुळं काढणं अर्चनाकडं. आयसिंगची नक्षी आणि वरची अक्षरं शबाना आपांची. त्या आधी लग्नात मेंदी काढायच्या, त्यामुळं कोन हातात आला की त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नाही. थरथरायचं काम माझ्याकडं आहे.

फेब्रुवारीत आमची सगळ्यात जास्त धावपळ असते ती व्हॅलेंटाईनच्या बिस्किटांची. साखरेचं बिस्किट, वर लाल-गुलाबी आयसिंग, आकार हार्टचा. आता गल्लीत 'हार्ट' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आम्ही पत्त्यातला शब्द घेतला, बदाम. बदामाची बिस्किटं म्हणूनच ती गावभर झाली. पहिल्याच वर्षी एक गिऱ्हाईक डबा घेऊन परत आलं. डबा रिकामा होता.

"ताई, सगळी खाऊन पाह्यली. एकात बी बदाम न्हाई."

*

त्या वर्षी साचाच मिळत नव्हता. शेवटी चाळण्या आणि डबे करणाऱ्या एका कारागिराकडं मी आणि अर्चना गेलो. अर्चनानं कागदावर आकार काढून दिला. त्यानं कागदाकडं पाहिलं, मग आम्हा दोघींच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं पाहिलं.

"हे कशाला पाह्यजे?"

"बिस्किटाला," मी म्हणाले. त्याच क्षणी अर्चना म्हणाली, "शाळेच्या प्रोजेक्टला."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. साचा करून दिला, पण खालचं टोक लांबच लांब ओढलं. पहिला ट्रे निघाला आणि नेमके माझे सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आप्पांची दोन वेळची शिवपूजा कधी चुकत नाही. घरात अंडं आलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी एकदा 'बंद करा' म्हटलं असतं तर ओव्हन त्याच दिवशी विकावा लागला असता. त्यांनी एक बिस्किट उचलून उजेडात धरलं.

"पिंपळाची पानं केली व्हय?"

"होय आप्पा," अर्चना म्हणाली.

"देठ राह्यला," म्हणाले आणि निघून गेले.

पुढं तो सगळा महिना आप्पा समोर असले की शबाना आपा देठ काढायच्या, ते उठून गेले की पुसायच्या.

*

घरात अंडं नाही, म्हणजे आयसिंगमध्येही नाही. आमचं आयसिंग पिठीसाखर, दूध आणि ग्लुकोजचं. ते दिसतं छान, पण लवकर वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय डबा भरता येत नाही.

एकदा एका डॉक्टरीणबाईंच्या लग्नाच्या वाढदिवसाची मोठी ऑर्डर होती. संध्याकाळी द्यायची, आणि दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरवर घरात एकच पंखा चालतो, देवघरातला. अर्चना म्हणाली, "तिथं ठेवू. आप्पा बाहेर गेलेत." आम्ही सगळे ट्रे देवघरात चौरंगावर नेऊन मांडले आणि मागच्या अंगणात डबे पुसायला बसलो.

थोड्या वेळानं घंटा ऐकू आली.

आत जाऊन बघते तर प्रत्येक बिस्किटावर एकेक फूल ठेवलेलं. एक ट्रे गायब. आप्पा तो ट्रे घेऊन गल्लीत निघालेले आणि दारोदार सांगायलेत, "आज आमच्या सुनांनी लय चांगला निवेद केला." समोरच्या काकू बिस्किट कपाळाला लावून, डोळे मिटून खात होत्या. दिलेला प्रसाद परत कसा मागायचा? आणि मागायचा तर आप्पांना काय सांगायचं?

अर्चना फोन करताना रडायलाच लागली. डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. मी मनातल्या मनात धंद्याला हात जोडले. मग त्या म्हणाल्या,

"बरं, मग उरलेला प्रसाद तरी लवकर पाठवा."

*

लाल रंगाचं एक दुखणं आहे. गडद यायला हवा तर भरपूर घालावा लागतो, आणि मग तो खाणाऱ्याच्या तोंडाला लागतो. हे आम्हाला कळलं ते एका मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात. मुलीच्या आईनं हौसेनं आमची बिस्किटं ठेवली होती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"ताई, काय घातलं व्हतं त्यात? पाहुण्यांचे दात बगा, समद्यांचे लाल."

मी विचारलं, "मग हो?"

"मग काय. पोरीच्या बापानं मुलाचं तोंड पाह्यलं अन् सरळ इचारलं, गुटखा खाता का? बापाला ठाऊकच न्हाई बिस्किटाचं."

"मुलगा काय म्हणाला?"

"घाबरला अन् म्हणला, खायचो, पण आता लय कमी केलाय."

मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, "माफी कशाला? पुढच्या ऐतवारी दुसरे पाहुणे हायत. आजून एक डबा द्या. असाच लाल."

*

एका वर्षी चौदा तारखेच्या सकाळी दारात तीन-चार मोटारसायकली येऊन थांबल्या. तरणी पोरं, कपाळाला टिळा. व्हॅलेंटाईनच्या दिवसाचं कुठं काय ऐकू येतं ते आपल्याला माहीत असतंच. अर्चनानं ट्रे पलंगाखाली सरकवले. शबाना आपा हातातल्या कोनासकट मोरीत जाऊन उभ्या राहिल्या. मी दारात गेले.

"काकू, शिवजयंतीची मिरवणूक ह्याच गल्लीतून जाणार हाय. दारापुढच्या गाड्या त्या दिवशी आत घ्या."

"घेते," मी म्हणाले.

पोरं निघून गेली. थोड्या वेळानं त्यातलाच एक चालत परत आला. टिळा तसाच, मान खाली.

"काकू, एक डबा मिळंल का? काळ्या पिशवीत द्या."

*

डब्यांची अदलाबदल व्हायची मला पहिल्यापासून भीती. आणि ती झालीच.

एका दिवशी ताटाएवढी दोन मोठी बिस्किटं होती. एक देवगाव फाट्याला जायचं होतं. तिथला एक मुलगा आपल्या मैत्रिणीला लग्नाचं विचारणार होता, त्यावर शबाना आपांनी लिहिलं होतं, 'माझ्याशी लग्न करशील?' दुसरं एका शाळेत जायचं होतं. तिथले मुख्याध्यापक रिटायर होणार होते आणि परीक्षांमुळं समारंभ आधीच उरकला जात होता. साचा आमच्याकडं बदामाचाच, त्यामुळं सरांनाही बदामच. त्यावर लिहिलं होतं, 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

शाळेचा शिपाई अर्चनाच्या हातून डबा घेऊन गेला. फाट्याचा डबा अर्चनानं स्टँडवर जाऊन एसटीच्या ड्रायव्हरकडं दिला. ती परत आली आणि ओट्यावर बसता बसता म्हणाली, "जाऊबाई, शाळेचा डबा निळ्या रिबिनीचा होता ना?"

"लाल," मी म्हणाले.

अर्चना तशीच स्कूटी घेऊन स्टँडवर पळाली. गाडी सुटली होती. मुलाला फोन लावला, तर लागेना. शाळेत लावला, तर कोणी उचलेना, सगळे समारंभात. शबाना आपा तसबीची माळ घेऊन बसल्या. मला तर त्या पोरीचा चेहराच दिसायला लागला. बिचारी सजून येणार, डबा उघडणार, आणि आत तिला निरोप.

तसंच झालं. मुलानं डबा उघडून न बघताच तिच्या हातात दिला. तिनं वाचलं. मग डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "एकटीनंच करायची का वाटचाल?"

त्याला एवढंच ऐकायचं होतं. पुढचं सगळं त्यानं तोंडानं विचारलं. आता त्यांचा साखरपुडा झालाय.

तिकडं शाळेत सरांनी सगळ्यांसमोर डबा उघडला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "माझ्याशी लग्न करशील?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते बिस्किट शेजारी बसलेल्या आपल्या बायकोपुढं धरलं. बाईंनी माईक ओढून घेतला आणि म्हणाल्या,

"विचार करून सांगते."

*

आता एक राहिला. हा आम्ही चहाला बसलो तरी मोठ्यानं सांगत नाही. नावंही बदलूनच सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला गंगाधरमामा आणि शकुंतलामामी राहतात. मामा येलदरीला धरणावर नोकरीला होते, रिटायर होऊन इथं घर बांधलं. एकुलती एक लेक पुण्याला. तिनं आपल्या मनानं लग्न केलं. मामा लग्नाला गेले नाहीत, लेकीचा फोनही घेईनात. मामी एकट्या जाऊन आल्या. आल्या त्या दिवसापासून त्यांनी मामांशी बोलणं सोडलं. स्वयंपाक वेळेवर, चहा वेळेवर, औषधाची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी. तोंडातून शब्द मात्र नाही. ताट वाढलं की भांड्याचा आवाज करायच्या, त्यावरून मामांनी ओळखायचं.

त्या फेब्रुवारीत एका दुपारी मामा आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"एकच मिळतं का?"

"मिळतं की मामा."

"वर लिहून पाह्यजे."

शबाना आपांनी कोन घेतला. "काय लिहू?"

मामांनी मागं वळून गल्लीत कोणी नाही ना ते पाहिलं. "बोल," म्हणाले.

आपांना वाटलं, पुढं काही सांगतील. थांबल्या.

"एवढंच. बोल."

त्या दिवशी पहिल्यांदा आपांचं एक अक्षर वाकडं गेलं. पुसून परत लिहिलं. मामा डबा छातीशी धरून गेले आणि आम्हा तिघींना काळजी लागली. मामींनी भिरकावून दिलं तर? गल्ली आपली चेष्टा करायलीय असं त्यांना वाटलं तर? मामींचा स्वभाव मानी. आमच्या हातानं त्या घरात आणखी काही बिघडू नये, एवढंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मामीच आल्या. हातात तोच डबा. त्यांनी झाकण काढलं. बिस्किट आत जसंच्या तसं.

"हे तुमच्याकडचंच ना?"

"हो, मामी."

"याच मापाचं एक करून द्या."

"काय लिहायचं?" आपांनी हळूच विचारलं.

मामी पदर सावरत म्हणाल्या, "आधी लेकीशी."

आपांनी लिहिलं. वाळेपर्यंत मामी पाटावर बसून राहिल्या. चहा दिला, तो तसाच निवला. मग दोन्ही बिस्किटं एकाच डब्यात शेजारी शेजारी ठेवून गेल्या.

त्यानंतर काही दिवस काहीच कळेना. अर्चना कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर जायची आणि त्यांच्या अंगणात बघून यायची. मामी पापड घालताहेत. मामा पेपर धरून बसलेत. पान उलटत नाहीत. मी रोज विचारायची, "बोलायलेत का?" ती नाही म्हणून मान हलवायची. एकदा तर म्हणाली, "जाऊबाई, मामा काल जेवलेच न्हाईत वाटतं. ताट झाकून ठेवलेलं दिसलं." मला वाटायला लागलं, आपण त्या बिस्किटाला नाही म्हणायला हवं होतं. ते घर निदान आपल्या चालीनं चाललं होतं.

मग एका सकाळी मामा आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. डोळे सुजलेले. हातात आमचाच डबा, रिकामा.

"बसा मामा," मी म्हणाले.

बसले नाहीत. ओट्यावरच्या ट्रेमधलं एक बिस्किट उचलून डब्यात ठेवलं. मग म्हणाले,

"ताई, पुण्याला जाईस्तोवर हे फुटत तर न्हाई ना?"