मी दादाचा अॅम्प्लिफायर सुधारतो

ऐकायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. नाकातून आला तर मी जबाबदार नाही. गाढव तुम्ही खूप पाहिली असतील, पण एका हातात खळीची वाटी आणि दुसऱ्या हातात पतंगी कागद घेऊन बसलेलं गाढव पाहिलं नसेल. ते आमच्या चाळीत होतं. विक्रोळीला. तुमच्यासमोर बसलंय तेच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मध्येच 'अरेरे' म्हणायला थांबायला नको. आमचा विलासदादा गेल्या श्रावणात काविळीने गेला. झालं. म्हणा 'अरेरे'. आता पुढे ऐका.

दादा कारखान्यात फिटर होता आणि घरी आला की गिटार वाजवायचा. आता आमची चाळ म्हणजे सगळी देवगड-मालवणची माणसं. वाद्य म्हणजे पखवाज, टाळ, पेटी. त्यात हा विजेची गिटार घेऊन बसलेला! बायका आईला विचारायच्या, "गो, तुझो झील ता काय खाजवत बसता?" दादा वाजवायचा ब्लूज. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मला काय कळतंय? एकदा विचारलं, "दादा, ब्लूज म्हणजे काय रे?"

तो म्हणाला, "दुखतंय, पण सांगायला मजा येते."

एवढंच. मला पटलं.

पण गिटारचं सोडा. खरी वस्तू म्हणजे त्याचा अॅम्प्लिफायर. कुठल्याशा मंडपवाल्याने टाकून दिलेला, जुना, व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह म्हणजे आत काचेचे बल्ब असतात ना, जुन्या रेडिओत असायचे, तसे. दादाने तो आणला, चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी ठोकली, पुढे स्पीकर बसवला, त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं कापड ताणलं. दिसायला कोंबड्यांचं खुराडं. वजन असं की उचलताना माझी बेंबी सरकायची.

पण चालू झाला की! संध्याकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, आई देवाजवळ दिवा लावायची आणि दादा बटण दाबायचा. लगेच काही होत नसे. दादा गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहायचा. मग पेटीच्या मागे काचेत काजव्याएवढा ठिपका दिसायचा. मग त्याचा निखारा व्हायचा. तापलेल्या धुळीचा वास यायचा, आमच्या गावच्या घरी चुलीवरच्या माळ्याला येतो तसा. खाडीकडून वारा यायचा, पडदा हलायचा, भिंतीवर तो नारिंगी उजेड हलायचा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन दिवे लागलेले असायचे. एक देवाचा, एक दादाचा. मी खाटेखाली उताणा पडून बघायचो. झोप नव्हे आणि जाग पण नव्हे. आपण खोलीत नाहीच, पाण्यावर कुठेतरी तरंगतोय असं वाटायचं.

आणि मग तो पहिली तार ओढायचा. आवाज आधी थोडा मागे सरकायचा, लाट सरकते तसा, आणि मग अंगावर यायचा.

मी म्हणायचो, "दादा, ट्रान्झिस्टरवाला घे ना नवीन. बटण दाबलं की चालू! हा म्हातारा किती वेळ खोकत बसतो."

"पक्या, तो नवीन सांगितलेलं काम करतो. हा आधी ऐकून घेतो. हळू छेडलं तर कानाशी बोलतो. जोरात मारलं तर ह्याचा घसा भरून येतो. ब्लूजला असाच लागतो, घसा भरून येणारा."

असा अॅम्प्लिफायर. आणि तो आला माझ्या हातात! वाट लागणार नाही तर काय होणार?

झालं असं की दादा गेल्यापासून आई बोलायचीच बंद झाली. आमची आई, बरं का! तिने चाळीच्या नळावरून हाक मारली की खाडीतले बगळे उडायचे. ती आता 'जेव' आणि 'नीज' एवढंच बोलायची. रडली पण नाही. संध्याकाळी दिवा लावायची आणि त्या बंद पेटीसमोर पदर सावरून बसायची. मला ते बघवत नव्हतं. मी काय करायचो? उठून नाक्यावर जायचो आणि विनाकारण कुणाशीतरी भांडायचो.

मग मला आयडिया आली. दादाचा वाढदिवस येत होता, रविवारीच. वाकोल्याचा पीटर दादाचा जिगरी दोस्त, दादाला गिटार त्यानेच शिकवलेली. त्याला बोलवायचं, दादाचीच गिटार, दादाचाच अॅम्प्लिफायर, आईला एकदा तो आवाज ऐकवायचा. बस. एकदा ऐकला की आई बोलेल, अशी माझी खात्री. पीटर लगेच म्हणाला, "येतो मॅन. मागचं उघडून जरा धूळ पूस. बाकी हात लावू नको."

आता मला सांगा, 'हात लावू नको' असं मला सांगून आजवर कुणाचं भलं झालंय?

मी मागची फळी काढली. धूळ पुसली. आणि बघतो तर काय, स्पीकरचा कागद फाटलेला! चार मोठ्या चिरा, एकीकडून दुसरीकडे. माझ्या डोक्यात एकदम रक्त चढलं. उंदीर! माझा दादा जाऊन दोन महिने नाहीत झाले आणि तुम्ही त्याची वस्तू कुरतडता?

पहिलं काम, शेजारच्या राणेवहिनींची मांजर उसनी आणली आणि अॅम्प्लिफायरला बांधली. तिने रात्रभर असा टाहो फोडला की सकाळी राणेवहिनी तिला घेऊन गेल्या आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आई हे सगळं बघत होती. पण शब्द नाही.

दुसरं काम, दुरुस्ती. तर ह्या बाबतीत, गर्वाने सांगत नाही, पण गणपतीचं मखर असो की पतंग, चाळीत कागद चिकटवावा तर पक्यानेच! गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. गुठळी नाही हां, एकपण नाही. पतंगी कागदाच्या पट्ट्या कापल्या, गुलाबी, कारण घरात गुलाबीच होता. एकेक चीर अशी बंद केली, जशी नर्स जखम बांधते. वरून परत एक थर. मग अजून एक, मजबुतीला. हात फिरवला तर स्पीकर कसा? ढोलकीसारखा टणक. झकास!

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी पक्या कसला?

उचलला अॅम्प्लिफायर आणि हातगाडीवर घालून नेला सावंतकाकांकडे. सावंतकाका म्हणजे आमच्या मंडळाचे माईकवाले. त्यांनी चालू केला, माईक लावला, फुंकर मारली आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"आवाज फाटतो रे ह्याचा."

"स्पीकर मी चिकटवलाय काका!"

"स्पीकर नाही, आतूनच फाटतो. हे व्हॉल्व्ह म्हातारे झालेत. आणि हे वायरिंग कुणी केलं? सरळ जायची वायर कुठून कुठे फिरवलीय."

"दादाने."

काकांनी हातातली वायर हळूच खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरगा गुणी होता. पण माईकचं ज्ञान नव्हतं. हे बघ पक्या, आरतीत एक शब्द जरी फाटला ना, तर लोक गणपतीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात. आवाज कसा पाहिजे? धुतलेल्या तांदळासारखा."

"मग धुवा काका! आमच्या दादाचं काम आहे."

त्यांनी एक पैसा न घेता व्हॉल्व्ह बदलले, वायरिंग सरळ केलं, आतलं काय काय काढून टाकलं. मी माईक हातात घेऊन म्हटलं, "हॅलो, हॅलो." काय सांगू! माझाच आवाज, पण असा स्वच्छ की मलाच मी शिकलेला वाटलो.

जाता जाता लुगड्याचं ते विटलेलं कापड पण काढलं आणि नवी चकचकीत जाळी बसवली. आहे काय नि नाही काय!

रविवारी दुपारी पीटर आला. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात आईसाठी केळ्यांची फणी. आईने त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि स्टोव्हवर चहा ठेवला. पीटरने दादाची गिटार खुंटीवरून काढली, सुरात लावली. मी बटण दाबलं. मागे निखारे लागले. ऊन तिरपं आत आलं होतं, धुळीचे कण तरंगत होते, आणि मला खरंच वाटलं की आता दादा मोरीतून तोंड पुसत बाहेर येईल आणि म्हणेल, सरक.

पीटरने डोळे मिटले. तार ओढली.

टिंग.

त्याने डोळे उघडले. परत ओढली. टिंग. बालवाडीच्या बाई 'हात जोडा, डोळे मिटा' म्हणतात ना, तसा आवाज. गोड. सज्जन. पावडर लावलेला. पीटरने सगळी बटणं फिरवली, तारेला वाकवलं, पिळलं, दादाने जे जे केलं असतं ते सगळं केलं. अॅम्प्लिफायर काही केल्या रडेना. शहाण्या मुलासारखा उत्तरं देत बसला.

आई चहा घेऊन आली. जरा ऐकलं. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली. काय बोलली माहीत आहे?

"बरो वाजता. नवीन रेडिओ हाडलात?"

आणि आत निघून गेली.

पीटर हळूच म्हणाला, "पक्या, काय केला तू ह्याला?"

"काही नाही रे! फक्त नीट केला. उंदराने स्पीकर फाडला होता तो..."

"उंदीर?"

"चार चिरा होत्या, एवढ्या एवढ्या!"

पीटरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतोय की रडतोय कळेना. "मॅन, तो उंदीर तुझा दादा होता. माझ्यासमोर ब्लेड घेऊन बसलेला. एक चीर मारायची, वाजवून बघायचं, परत एक चीर. अख्खा दिवस घालवला त्याने. घसा बसल्यासारखा आवाज पाहिजे होता त्याला."

"आणि वायरिंग?"

"ते पण मुद्दाम."

"आणि म्हातारे व्हॉल्व्ह?"

"व्हॉल्व्ह पण काढले?" पीटर खाटेवर बसलाच.

तुम्हाला सांगतो, माणूस मेल्यावर त्याचे कपडे राहतात, चपला राहतात, फोटो राहतो. आवाज कुणाचा राहतो? आमच्या दादाचा राहिला होता. आणि तो मी खळ लावून बंद केला! स्वच्छ धुऊन, जाळी लावून!

मग मला काय झालं मला माहीत नाही. मी जाळी उपटली, मिळाला तो स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्पीकरमध्ये खुपसला. पीटर ओरडला, "अरे ब्लेडने! हळू! ब्लेडने!" पण मी कुठला ऐकतोय? खप! गुलाबी कागद फाटला, खालचा फाटला, पार आरपार भगदाड. परत खप! मग सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि ओरडलो, "वाजव!"

"पक्या..."

"वाजव म्हणतो ना!"

त्याने घाबरून सगळ्या तारांवर एकदम हात मारला.

देवा रे देवा. तो आवाज मी सांगू शकत नाही. रेडा चिखलात अडकलाय, त्याच्यावर लुना चालू आहे आणि बाजूला कुणीतरी पत्रा फाडतंय. भांडी खाली आली. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर किंचाळलं. राणेवहिनींची मांजर गॅलरीतून जी सुटली ती थेट जिन्याखाली. हा दादाचा आवाज नव्हता हो. दादाच्या आवाजाच्या जवळपासही नव्हता. दादाचा आवाज गेला तो गेलाच, मला त्याच क्षणी कळलं.

आणि आतून आली आई. हातात लाटणं, पदर खोचलेला.

"विलास!! बंद कर तो मेलो! कान फुटले माझे! शेजारी-पाजारी माणसां रवतत की नाय? बंद कर म्हणतंय ना!"

पीटरने तारांवर हात ठेवला. खोलीत एकदम शांत झालं. नुसती अॅम्प्लिफायरची गुणगुण.

आईने पीटरकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आपण कुणाला हाक मारली ते तिच्या लक्षात आलं, आणि ती तिथेच, त्या पेटीला टेकून, खाली बसली आणि रडायला लागली. दोन महिन्यांचं एकदम. मोठ्याने, नळावरच्या आवाजात. पीटर पण रडला. मी तर आधीपासूनच चालू होतो.

बराच वेळ गेला. ऊन भिंतीवरून वर सरकलं. आईने नाक पुसलं, पदर नीट केला, वाकून त्या भगदाडात बघितलं. आत गुलाबी कागदाच्या चिंध्या लोंबत होत्या. मला आईला काहीतरी चांगलं सांगायचं होतं हो, दिलासा द्यायचा होता. म्हणून मी डोळे पुसत म्हटलं, "आई, तू काळजी करू नको. मी परत खळ शिजवतो. उद्यापर्यंत असा चिकटवतो की..."

लाटणं माझ्या पाठीत बसलं.

"हात लावून बघ, हात मोडून ठेवतंय!" आई गरजली. बगळे उडाले असणार. "चांगलो फाटको होतो तो! तुका कोणी सांगितल्यान चिकटवूक?"