लव्हाळ्याची हिरवळ

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी घरापुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ लावायची ठरवली, तेव्हा आईने काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिच्या मनात तिथे माडाची रोपं होती आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू. गवत काय खायचं, असं ती मला स्वयंपाकघरात विचारायची, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बाबांनी कारण फक्त मला सांगितलं. माझे आजोबा किहीमला मुंबईच्या एका श्रीमंत कुटुंबाच्या बंगल्यात माळीकाम करायचे. शाळा सुटली की बाबा त्यांची भाकरी घेऊन जात आणि कुंपणाबाहेर उभे राहत. आत मऊ हिरवं गवत. आजोबा दिवसभर त्यातलं तण काढत, पण जेवायला त्यांना मागच्या विहिरीच्या कट्ट्यावर जावं लागे. गवतावर बसायची नोकरांना मुभा नव्हती.

"आपल्या दारात हिरवळ करू," बाबा म्हणाले, "आणि बुद्धपौर्णिमेला सगळ्यांना तिच्यावर बसवू."

अलिबागच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून गवताच्या लाद्या टेम्पोत भरून आल्या. बाबांनी त्या एकीला एक चिकटवून बसवल्या आणि रोज संध्याकाळी पाईप धरून पाणी घातलं. पावसाळ्यात गवत धरलं, आणि त्याच्या डोक्यावरून लव्हाळ्याची टोकदार पाती वर आली. त्या लाद्यांच्या मातीतूनच तो आला होता. उपटला की पात हातात येई आणि खालची काळी गाठ जमिनीत राही. आठवड्याभरात तिथेच पुन्हा कोंब, कधी शेजारी आणखी एक.

त्या वर्षांतल्या आमच्या दुपारी लव्हाळ्यापाशीच गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. चहा झाला की बाबा खुरपं घेऊन बाहेर येत, मी त्यांच्यामागे. काही दिवसांनी आईही आली, गोणपाट अंथरून बसली. बोलणं टाकलेली माणसं तणासमोर फार काळ गप्प राहू शकत नाहीत. हात चालू असले की तोंडही सुटे. आई-बाबांचं लग्न कसं ठरलं, बाबांची पहिली बदली कुठल्या आडगावी झाली, हे सगळं मी तिथे, पायाला मुंग्या येईपर्यंत बसून ऐकलं. एरवी ते दोघं असं काही बोलत नसत.

उपायही पुष्कळ झाले. कुणीतरी मिठाचं पाणी सुचवलं. बाबांनी एका कोपऱ्यात ते ओतलं. गवत पिवळं पडून मेलं आणि त्या उघड्या जागेत पावसानंतर लव्हाळा आधी उगवला. दुकानातलं औषध फवारून वरची पाती जळाली, गाठी तशाच. पौर्णिमा आली की बाबा म्हणत, यंदा नको, पुढल्या वर्षी बघू. तणाने भरलेल्या हिरवळीवर त्यांना कुणाला बसवायचं नव्हतं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, पण डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. डॉक्टरांनी बोटं चालवायला रबरी चेंडू दिला. बाबा तो बाजूला ठेवून देत आणि खिडकीतून बाहेर बघत बसत. तोपर्यंत लव्हाळा गुडघाभर झाला होता.

उन्हाळ्यात एका सकाळी आईने कुदळ काढली. मला म्हणाली, सगळं खणून काढायचं. मला वाटलं, आता माड लागणार. तिने आत्याला फोन केला. आत्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरली आणि रिक्षा करून दुपारच्या आत दारात हजर झाली. आम्ही तिघींनी गवत खरवडून फेकलं, हातभर खोल खणलं आणि माती वाळूच्या चाळणीतून चाळायला घेतली. चाळणीवर उरलेलं घमेल्यात भरून आई बाबांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवी.

"गाठी निवडा," ती म्हणाली. "डाव्या हाताने."

 बाबांनी तो हात उचलून घमेल्यात ठेवला. पहिल्या दिवशी बोटांत एक गाठ धरायलाही त्यांना वेळ लागत होता. धरलेली निसटे. आत्याला ते बघवेना, ती मदतीला वाकली, तर आईने तिला मागे ओढलं. काम बरेच दिवस चाललं. जागा संपत आली तेव्हा बाबा मातीचं ढेकूळ दोन बोटांत चुरून आतली गाठ बाहेर काढत होते.

पावसाच्या सुरुवातीला आम्ही स्वच्छ मातीत हरळीचे तुकडे लावले. लव्हाळा आला, पण तुरळक, दिसला की गाठीसकट निघत होता. पुढच्या बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली, खीर झाली, आणि नातेवाईक, शेजारी, बाबांचे जुने विद्यार्थी हिरवळीवर पंगतीने बसले. लोकांनी सवयीने सतरंज्या मागितल्या. बाबांनी काढू दिल्या नाहीत.

आत्या सगळ्यांच्या शेवटी आली. चप्पल काढून बाजूला ठेवली, खाली बसली आणि दोन्ही तळवे गवतावर टेकवले.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे लय गार हाय रे."

बाबांनी मान हलवली.  त्यांच्या डाव्या हातात खिरीची वाटी होती.

त्यानंतर आठेक उन्हाळे ते त्या गवतावर अनवाणी फिरले. ते गेल्यावर मी आईला विचारलं, आता माड लावायचे का. ती म्हणाली, असू दे. श्रावणात मी घरी गेले की आम्ही दोघी अजून दुपारी बाहेर बसतो, मायलेकी समोरासमोर, आणि ती मला बाबांच्या अशा गोष्टी सांगते, ज्या त्यांच्यासमोर तिने कधी सांगितल्या नसत्या. मासेवालीची हाक आली की मात्र खुरपं तिथेच टाकून उठते.