डाव्या गुडघ्याची जाहिरात

दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की रत्नागिरीतल्या आमच्या कबड्डी संघाचा चढाईपटू आठवतो. त्याचं ऑर्कुट प्रोफाइल मीच चालवायचो. मुंबईच्या एखाद्या संघाने त्याला बोलवावं, एवढीच हाव. तो कॉम्प्युटरला हातही लावत नसे. जयगडच्या सामन्याआधी मी त्याच्या नावाने लिहिलं, ‘डावा गुडघा सुजलाय, तरी उतरणार!’ शाबासक्या आल्या. सामन्यात समोरच्यांनी नेमका डावाच गुडघा धरला आणि त्याचा खेळ तिथेच संपला. दवाखान्यात त्याने विचारलं, “मेल्या, त्यांना कसं कळलं रे?” “लंगडत होतास ना तू,” मी म्हटलं. “हो काय?” म्हणत तो गोंधळून बघत राहिला. त्यांनी खरंच वाचलं होतं, की कबड्डीत असं होतंच, मला अजून उमगत नाही. तो मात्र आजही चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, “माझं नाव केलं ते ह्याने.”