स्लॅबवरचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि तोंडावर थुंकायला समोर नाही आहात.

कुरुळीत आमच्या रानात आता कांदा होत नाही, खोल्या पिकतात. कंपनीतली माणसं भाड्यानं राहतात. मी वरचा मजला चढवत होतो – परवानगीबिरवानगी न घेता. नवा स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर छोटे बांध घालून पाणी कोंडतात. तसं कोंडलं, आणि मिस्त्री गावाला गेला तो परत आलाच नाही. पाणी तसंच राहिलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. पाहिल्या होत्या मी – डासच ते, त्यात काय एवढं?

आरोग्य खात्याच्या ताई डेंग्यूची पाहणी करत आल्या. जिन्याची किल्ली मागितली. "वर काय न्हाई ताई, नुसती अडगळ हाय," मी म्हणालो. बांधकाम उघडं पडेल याची भीती. किल्ली खिशातच होती.

तुम्ही दिली असती का? बहुतेक दिली असती.

खालच्या खोलीत सुरेखा राहायची. बीडकडची; नवरा विलास कंपनीत वेल्डर. तिला ताप भरला. दवाखान्यात मीच गाडीतून नेलं – लोक अजून त्याचं कौतुक करतात. डेंग्यूच निघाला. ती वाचली नाही.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण पुढचं? – त्याला काय म्हणायचं?

मी गुपचूप स्लॅब खराट्यानं कोरडा केला. तिचे दिवस घालून विलास सामान न्यायला आला. दाराबाहेरच्या पिंपाकडं बघत राहिला. "भाऊ, ह्याच्यातच झाले आसतील का वो डास? म्याच तिला म्हणलो व्हतो, पाणी भरून ठिव."

त्या पिंपाचं तोंड सुरेखा जुन्या साडीनं घट्ट बांधायची. येता-जाता रोज दिसायचं मला. डास तिथले नव्हते. एक 'न्हाई' म्हणायला काय लागलं असतं?

"व्हय," मी म्हणालो. "तसंच झालं आसंल. पाणी साठवू न्हाई, राव."

त्यानं मान खाली घातली. जाताना माझ्या पाया पडला – मी पडू दिलं.

आपल्याच सांगण्यानं बायको गेली, असं तो आजही धरून बसलाय. त्याचा नंबर माझ्याकडं आहे. मी फोन केलेला नाही.