डाव्या हाताचं कासव

अमेरिकेतल्या एका आडगावात दोनशे वर्षांपूर्वी एक डॉक्टर होऊन गेला, आणि त्याने मला या वयात, मुलुंड पूर्वेच्या माझ्या दोन खोल्यांत बसल्या जागी वेड लावलं. झालं असं की मी निवृत्त झाले. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि एका सोमवारी उठून बघते तर ओरडायला समोर कोणी नाही! घरात मी आणि आई. आई नव्वदीला टेकलेली. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर इतकी तल्लख झालीय की समोरच्या बिल्डिंगीत कोणी काय वाळत घातलंय ते बसल्या बसल्या सांगते. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींच्या पायात.

माझी एक मैत्रीण घाटकोपरला राहते. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिला माझं रडगाणं ऐकवेना. तिने फोन केला, "अगं, तुझ्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी झकास काम आहे. कर ना."

अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाने जुन्या निसर्ग-अभ्यासकांच्या हस्तलिखितांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवलेत. पक्षी, किडे, झाडं, हवामान, काय वाट्टेल ते त्यांनी हाताने लिहून ठेवलेलं. ते अक्षर मशीनला नीट लागत नाही. म्हणून जगातल्या कोणीही घरबसल्या एकेक पान वाचावं आणि टाइप करून द्यावं.

"फुकट?" मी विचारलं.

"पेन्शन खातेस ना गं? मग गप बस आणि वाच."

आयुष्यभर पोरांचं अक्षर वाचलेलं. मी म्हटलं, एका गोऱ्या डॉक्टरचं अक्षर ते काय! पहिल्याच पानाने वाट लावली. शाई तपकिरी पडलेली, मागच्या पानावरची ओळ पुढच्या पानावर उतरलेली. आणि त्या काळी शब्दाच्या मधला 'एस' हे लोक 'एफ'सारखा काढत, ते मला कोण सांगणार? पहिलं पान मी टाइप केलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. पण चार पानं घासल्यावर डोळा बसला. मग काय सांगू! तो माणूस मला दिसायलाच लागला. रोगी बघायला घोड्यावरून निघायचा आणि वाटेत झाडाची साल उचकटून भुंगे बघत बसायचा. रोगी तिकडे ताटकळत. काचेच्या बरणीत बेडकाची पिल्लं ठेवून त्यांना पाय कधी फुटतात ते रोज लिहायचा, आणि फुटले त्या दिवशी पानभर नुसता आनंद. मी इथे एकटीच टाळ्या वाजवल्या. आई आतून म्हणाली, "काय गो, वेड लागला काय तुका?"

वहीत चित्रं होती. सुरवंट, भुंगे, आणि एका अख्ख्या पानावर एक कासव. अहो, काय कासव! पाठीवरची एकेक ढलपी वेगळी, मान अर्धी बाहेर, डोळ्यात असा भाव की आता चावेल. कासव कवच नाही, जीव आहे, हे ज्याला कळलंय त्याचा हात होता तो. आणि त्याच वहीच्या समासात डॉक्टरने मधे मधे काही खरडलेलं असायचं, विहीर, कुंपण, स्वतःचा घोडा. तो घोडा माझ्या वर्गात कोणी काढला असता तर मी काठावर पास केला असता, तोही दया येऊन.

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ज्याला घोडा येत नाही त्याला हे कासव आलं कसं?

ग्रंथालयाची माहिती बघितली. स्पष्ट लिहिलं होतं, मजकूर आणि चित्रं, दोन्ही डॉक्टरांची. आणि डॉक्टर? बुवा सगळीकडे नुसतं "सोबत चित्र काढले आहे" म्हणून मोकळा. कोणी काढलं, त्याचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. कारण आमच्या शाळेत विज्ञानाच्या तक्त्यांवरचे बेडूक, हृदय, जास्वंदीची फुलं, सगळी मी काढलेली, आणि खाली नाव कोणाचं, तर विभागप्रमुखांचं. मला हे "काढले आहे" चांगलं ठाऊक आहे.

मी कासव मोठं करून बघितलं. सावलीच्या बारीक बारीक रेघा. उजव्या हाताचा माणूस सावली भरतो तेव्हा त्याच्या रेघा वर उजवीकडून खाली डावीकडे कलतात. डॉक्टरच्या घोड्यावर तशाच होत्या. कासवावरच्या सगळ्या उलट्या. अगदी माझ्यासारख्या.

मी डावखुरी आहे. म्हणजे होते, आणि अर्धी अजून आहे. लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने, पण चित्र काढायला डावाच हात उठतो. वर्गात फळ्यावर डाव्याने मोर आणि उजव्याने त्याचं नाव काढलं की पोरं आ वासायची. त्यांना काय माहीत त्यामागे काय होतं! आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो, बाबा मिलमध्ये. मी डावा हात ताटात घातला की आईचं उलथणं मनगटावर बसायचं. प्रसाद डाव्या हातात? शिव शिव. "सासरी डाव्यान वाढशीत तर लोक माझ्या तोंडात शेण घालतीत," म्हणायची. एकदा तर अभ्यासाला बसताना तिने माझा डावा हात परकराच्या नाडीला बांधून ठेवला होता. शाळेतून आले की पहिला हुकूम, "हात दाखव." डाव्या तळव्याची करंगळीकडची कड शाईने काळी दिसली, की मी पकडले गेले.

तर, मी ग्रंथालयाला मेल लिहिली. तिकडे या वह्या सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचं उत्तर आलं. फार गोड. तुमचं निरीक्षण विलक्षण आहे वगैरे. पण, आणि तो 'पण' आलाच, चित्र काढताना माणूस कागद कसाही फिरवू शकतो, त्यामुळे नुसत्या रेघांच्या कलावरून आम्हाला नोंद बदलता येणार नाही. शिवाय या वहीचं प्रदर्शन लागायचं आहे, पाटीचा मजकूर आठवड्याभरात छापायला जाईल. त्याआधी काही भक्कम मिळालं तर जरूर कळवा.

कागद फिरवला म्हणे! मी तणतणत मैत्रिणीला फोन लावला.

"बाई बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "मीही हेच विचारलं असतं."

"तू कोणाच्या बाजूने आहेस गं?"

"पुराव्याच्या. चिडू नकोस, शोध. लॅपटॉप टीव्हीला लाव, मोठं दिसेल."

आता ते माझ्या जिवाला लागलं होतं. पाटी एकदा छापली की संपलं. जी कोणी होती ती, बायको, बहीण, मोलकरीण, तिने दोनशे वर्षं वाट बघितली आणि तिच्या कासवाखाली पुन्हा त्या घोडेवाल्याचं नाव लागणार. मी 'ती' का म्हणत होते? पुरुषही असू शकतो, मान्य. पण नाव न लिहिलेलं चित्र बघितलं की माझ्या मनात पहिली बाईच येते, त्याला मी काय करू?

रोज सकाळपासून टीव्हीवर कासव. आईच्या मालिका बंद, म्हणून ती धुमसत खुर्चीत बसलेली. मी रेघा बघत होते, सावल्या बघत होते, हाती काही लागत नव्हतं. शेवटी एका दुपारी लसूण सोलता सोलता आई म्हणाली, "ह्या डावऱ्याचा काम."

"ते मलाही माहीत आहे गं. सिद्ध कसं करू?"

"तां माका काय ठावक. पण शाय बघ मगे."

"कुठली शाई?"

ती उठली, काठी टेकत टीव्हीपर्यंत गेली आणि लसणीच्या बोटाने पडदा दाखवला. कासवाच्या अवयवांपाशी आकडे घातलेले होते, चोचीला एक, मानेला दोन, असे. प्रत्येक आकडा उजवीकडे फराटला होता. ओल्या शाईवरून हाताची कड घासत उजवीकडे गेलेली. "तुझ्या हातार अशीच शाय आसायची," आई म्हणाली. "वहीत पण असाच फासलेला."

मी उठून टीव्हीला नाक लावलं. उजव्या हाताने लिहिणारा माणूस पुढे सरकतो तेव्हा त्याचा हात कोऱ्या कागदावर असतो. डावखुऱ्याचा हात मात्र आत्ताच लिहिलेल्यावरून जातो. आणि आकडे सगळे सरळ उभे होते, म्हणजे ते घालताना कागद फिरवलेला नव्हता! मी धावत भुंग्याचं पान काढलं. फराटे. सुरवंटाचं काढलं. फराटे! डॉक्टरच्या सगळ्या मजकुरात, समासातल्या सगळ्या टिपणांत, एक अक्षर फासलेलं नाही. त्याचा चारचा आकडासुद्धा वेगळ्या वळणाचा.

"आई, तू ग्रेट आहेस!" मी ओरडले आणि तिला मिठीच मारली. तिच्या हातातला लसूण घरभर.

"सोड गो, पाडशीत माका," ती म्हणाली. मग पुन्हा कासवाकडे बघत राहिली. "हिचो हात कोणी बांधूक नाय वाटता."

लसूण वेचला आणि मेल लिहायला बसले. पानांचे क्रमांक, फराट्यांची दिशा, आकड्यांचं वळण, सगळं मुद्देसूद. मैत्रिणीने इंग्रजी तपासून दिलं आणि माझी उद्गारचिन्हं काढून टाकली, ती मी परत घातली.

मग वाट बघणं. मी दर थोड्या वेळाने मेल उघडायची, मैत्रीण दर थोड्या वेळाने "आली का गं?" विचारायची. आईने मात्र विचारलं नाही. मालिका चालू असताना तिची नजर माझ्या फोनकडे असायची, एवढं मला दिसत होतं.

उत्तर आलं ते दिवेलागणीला. तिकडे सकाळ. त्या बाईंनी मूळ वही काढून भिंगाखाली बघितली होती. मला न दिसलेल्या आणखी दोन पानांवर तेच फराटे त्यांना सापडले. पाटी बदलली. "मजकूर: डॉक्टर. चित्रे: अन्य, डावखुऱ्या व्यक्तीची. नाव अज्ञात." त्यांनी पुढे लिहिलं होतं की नाव आम्ही शोधत राहू.

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी बेल वाजवली. त्यांना दारातूनच सांगितलं, काही नाही हो, कासव जिंकलं! मैत्रिणीला फोन केला, ती हसत होती की रडत होती देव जाणे. मी तर रडतच होते. नाव नाही मिळालं, पण हात मिळाला ना! दोनशे वर्षांनी कोणीतरी लिहिलं की हा हात वेगळा होता.

आईने नुकताच देवापुढे दिवा लावला होता. तिला सगळं वाचून दाखवलं, मराठीत करून. तिने "डावखुऱ्या" हा शब्द पुन्हा वाचायला लावला. मग स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. आधी देवाला दाखवली, मग चिमूट उचलून माझ्यासमोर उभी राहिली.

"हात कर."

मी सवयीने उजवा हात पुढे केला. पन्नास वर्षांची सवय, खाली डावा, वर उजवा.

आईची चिमूट तशीच वर थांबली.

"तो न्हय गो," ती म्हणाली. "दुसरो."