फुकट दिलेलं, न दिलेलं

आमच्या नातेवाइकांत कॉम्प्युटरमधलं मला कळतं असं सगळे मानायचे, आणि मानणाऱ्यांत पहिला नंबर माझा होता. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मी लॅबमध्ये नोकरीला. तिथे रोजचे रिपोर्ट भरता भरता चार गोष्टी शिकलो आणि त्या चाराच्या चाळीस करून सांगू लागलो. कुणाचा कॉम्प्युटर स्लो झाला, कुणाचा प्रिंटर अडला की फोन मला. मीही रविवारी खरवईहून स्कूटर काढून निघायचो. चहा व्हायचा, कौतुक व्हायचं. खिशात पेन ड्राइव्ह असायचा आणि त्यात जगातली यच्चयावत महागडी सॉफ्टवेअर, एक पैसा न देता मिळवलेली.

ती यायची उल्हासनगरातून. आम्ही बुवापाड्यात वाढलेली माणसं. शाळेची पँट, दप्तर, मिक्सरचं भांडं, सगळं उल्हासनगरच्या बाजारातलं. मोठ्या कंपनीच्या मालासारखं हुबेहूब, आणि स्वस्त. त्याला फर्स्ट कॉपी म्हणतात, आणि ती पारखून आणण्याला आमच्याकडे अक्कल म्हणतात. पूर्ण किंमत मोजून येणारा तो बावळट. हीच अक्कल मी कॉम्प्युटरला लावली. जीन्सची शिवण उसवली तर डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअरच्या आत कुणी काय शिवून ठेवलंय ते दिसत नाही, एवढं साधं मला सुचलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्या बुवापाड्यातल्या आमच्या घरातच राहिल्या. मुलगी पुण्याला नोकरीला. वहिनी अंगणवाडी सेविका. रविवारी विहारात वंदना झाली की म्हाताऱ्या बायका पायरीवर बसून बोलायच्या: गाव कसं सुटलं, घरातले देव कसे विसर्जित केले, आगपेटीच्या कारखान्यात कशा लागल्या. हे सगळं लिहून ठेवायचं आणि बुद्धपौर्णिमेला त्याची पुस्तिका काढायची, असं वहिनींच्या मनाने घेतलं. नऊ जणी त्यांनी निवडल्या. पद्धत त्यांची स्वतःची होती. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो घडी घातलेल्या नॅपकिनवर उलटा ठेवायचा, आणि मग मधे एक शब्द बोलायचा नाही. समोरची थांबली तरी नाही. घरी येऊन ऐकत ऐकत जसंच्या तसं टाइप करायचं. एकदा त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. एक आजी सांगत होती, की काड्यांच्या मसाल्याचा वास हाताला असा बसायचा की घरी येऊन तान्ह्याला छातीशी घेतलं तर ते तोंड फिरवायचं. दीड वर्ष वहिनी हे करत होत्या.

त्यांचा कॉम्प्युटर मीच उल्हासनगरातून जुळवून आणला होता. दुकानदाराने सवयीप्रमाणे "साईं, सब फुल लोड करके दिया है" म्हणत त्यात सगळं भरून दिलं होतं. पुढे पुण्याहून पुतणी सुट्टीला आली आणि तिने ते सगळं काढून टाकलं. त्याजागी तिने मोफत मिळणारी सॉफ्टवेअर घातली: लिहायला एक, रेकॉर्डिंग ऐकायला एक, पीडीएफ बघायला एक. चोरून नव्हे, बनवणाऱ्यांनी स्वतःहून सगळ्यांना देऊन टाकलेली. मागच्या खाचेत एक पेन ड्राइव्ह लावून फायलींची एक कॉपी तिथेही जाईल अशी सोय केली.

मला राग आला. खरं तेच सांगतो: मला न विचारता केलं म्हणून आला. वहिनींच्या कॉम्प्युटरला हात लावणार तर मी, असा माझा समज.

"फुकट कुणी चांगलं देतं का, वहिनी?" मी म्हणालो. "काहीतरी खोट असल्याशिवाय कशाला देतील? मी तुम्हाला ओरिजिनल टाकून देतो. ऑफिसांत वापरतात ते. त्याची किंमत ऐकलीत तर चक्कर येईल."

"पण माझं चाललंय की भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ळ, ज्ञ सगळं नीट उमटतंय."

"पुस्तिका काढायची ना? मग प्रोफेशनल पाहिजे."

त्या चहा ठेवायला उठल्या. मी घरातला कळणारा माणूस होतो.

पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह भरून आणला. दुकानदाराने बजावलं होतं, "एंटीवायरस बंद करके डालना, नहीं तो पकड़ेगा." आज हे वाक्य आठवलं की कान गरम होतात. पहारेकऱ्याला झोपवून आत येणारा माणूस कोण असतो हे शाळेतलं मूल सांगेल. मी कॉम्प्युटरचं संरक्षण बंद केलं. स्क्रीनवर लाल चौकट आली, हे धोक्याचं आहे म्हणाली. वहिनी मागून म्हणाल्या, "लाल काहीतरी आलंय हो." मी म्हणालो, "ते घाबरवतात." आणि "तरीही चालवा" वर क्लिक केलं. जाता जाता आणखी एक शहाणपण केलं. त्यांचा फोन भरला होता, तर म्हणालो, सगळी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर आहेत, फोनवरची उडवून टाका. त्यांना भीती वाटत होती, म्हणून मीच उडवली.

पाच दिवसांनी, शुक्रवारी, लाईट गेली आणि आली. शुक्रवारी आमच्याकडे जातेच. संध्याकाळी वहिनींचा फोन आला की एकही फाइल उघडत नाही. जाऊन बघितलं तर सगळ्या फायलींची चित्रं पांढरी पडलेली आणि प्रत्येक नावाला कसलंतरी शेपूट लागलेलं. मागचा पेन ड्राइव्ह कायम लावलेलाच होता, त्यामुळे त्यावरच्या कॉपीचीही तीच गत. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी पत्र होतं. तुमच्या फायलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा, अशा अर्थाचं.

वहिनींना इंग्रजी भराभर वाचता येत नाही. मी वाचलं, मला सगळं कळलं, आणि त्या पदर सावरत खुर्ची ओढून बसेपर्यंत मी ते पत्र पुसून टाकलं.

"काय झालं, भाऊजी?"

मी म्हणालो, "लाईटने झालं. हार्ड डिस्क उडाली."

त्यांचा चेहरा उतरला. त्या कोपऱ्यातल्या यूपीएसकडे बघू लागल्या. टाइप करताना त्याच्या टीं टीं आवाजाने रेकॉर्डिंग नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांनी तो महिनाभर काढून ठेवला होता. लाईट गेली तरी कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून मी तो लावायला सांगितला होता.

"माझ्यामुळे गेलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

एका वाक्यात मला वाचवता आलं असतं त्यांना. मी म्हणालो, "होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

कॉम्प्युटर मी घरी नेला. पुन्हा कुणी बघितलं तर कळू नये म्हणून डिस्क पूर्ण पुसली, त्यावर सगळं नव्याने घातलं, आणि नवी डिस्क बसवली असं सांगून परत आणून दिला.

त्यानंतर वहिनी नऊ घरी गेल्या. मी स्कूटरवरून नेलं, कारण नाही कसं म्हणणार? प्रत्येक उंबऱ्यात त्या हात जोडून सांगायच्या की तुमचं बोलणं माझ्या हलगर्जीपणाने गेलं. म्हाताऱ्या बायका त्यांनाच समजावायच्या, जाऊ दे गं बाई, आम्ही आहोत की अजून, परत सांगू. पण चौघी दमल्या होत्या, परत काही बोलल्या नाहीत. आणि मोरिवलीला जिच्याकडे गेलो ती आजी दोन महिन्यांपूर्वीच वारली होती. काड्यांच्या मसाल्याची गोष्ट तिचीच. तिची मुलगी दारात आली. तिने विचारलं, "आईचा आवाज होता ना त्यात?"

"होता," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडून गेला."

मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. हेल्मेट हातात होतं. त्या बाईने मला पाणी दिलं आणि मी ते प्यालो.

मग रविवारी विहारात पंचशील म्हणताना एक नवीनच त्रास सुरू झाला. जन्मापासून म्हणत आलोय. दुसरं शील न दिलेलं घेणार नाही असं, आणि चौथं खोटं बोलणार नाही असं. इतकी वर्षं दुसऱ्या शीलाच्या वेळी मला भाजीवाल्याची नजर चुकवून मिरची उचलणारे आठवायचे. कॉम्प्युटर त्यात येतो असं कधी वाटलं नव्हतं. आता दुसऱ्याला जीभ अडखळायची आणि चौथ्याला मी नुसते ओठ हलवायचो. वहिनी पुढच्या रांगेत असायच्या. पुतणीने टाकलेलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दिलेलं होतं. ते फुकट म्हणून मी हिणवलं. मी आणलेलं कुणीच दिलेलं नव्हतं. ते महाग म्हणून मी मिरवलं. एवढी उलटी अक्कल घेऊन मी लोकांच्या घरी चहा पीत फिरलो, याची लाज वाटते.

पुतणी पुढच्या सुट्टीला आली तेव्हा तिने कॉम्प्युटर पुन्हा नीट लावायला घेतला, आणि या वेळी मी शेजारी बसून शिकलो. सॉफ्टवेअर घ्यायचं ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पानावरूनच. पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण बहुतेक वेळा जाहिरात असतं, त्याला भुलायचं नाही. सॉफ्टवेअर घालताना मधे काही चौकटींत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या असतात, नीट वाचून त्या खुणा काढून टाकायच्या, नाहीतर नको ती भर होते. लागेल तेवढंच घालायचं. संरक्षण कॉम्प्युटरमध्ये असतंच, ते बंद करा म्हणणारं काहीही घ्यायचं नाही. हे ती सहज बोलली, पण मी मान वर केली नाही. कॉपीची डिस्क वेगळी ठेवायची, काम झालं की काढून कपाटात. आणि ती कॉपी उघडून, ऐकून बघायची. उघडून बघितली नाही तर ती कॉपी नव्हेच, असं तिचं म्हणणं.

काम करता करता ती थांबली. स्क्रीनवर डिस्कची माहिती होती. "काका, ही तर जुनीच डिस्क आहे."

"दुकानदाराने फसवलं असेल," मी म्हणालो.

तिने ती माहिती बंद केली. मग म्हणाली, "फायलींना कुलूप लागलं असेल ना, तर त्या पुसायच्या नसतात. कधीकधी काही काळाने त्यांची किल्ली मिळते. तीसुद्धा फुकट देतात लोक." आणि पुन्हा कामाला लागली. आईला ती काही बोलली नाही. तिने ते माझ्यावर सोडलं होतं, आणि पुढे तीन महिने मी ते तसंच राहू दिलं.

वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. परत सांगणाऱ्या आता चौघीच उरल्या होत्या. मोरिवलीच्या आजीची गोष्ट त्यांनी आठवून लिहून पाहिली आणि खोडली. म्हणाल्या, "वाक्य असं नव्हतं. तिने बाळ म्हटलं नव्हतं, दुसरंच काहीतरी म्हटलं होतं." तो शब्द त्यांना आठवला नाही. मलाही नाही.

एका रविवारी मी गेलो तर म्हणाल्या, "पुस्तिका लहान होतेय. तुम्हीही सांगा, भाऊजी. कारखान्यातलं." फोन नॅपकिनवर उलटा ठेवला. "खरं असेल तेच सांगा, बाकीचं मी टाइप करत नाही."

हे त्या सगळ्यांनाच सांगतात. मी लॅबबद्दल बोलू लागलो, वासाबद्दल, शिफ्टबद्दल. मग शब्द संपले. त्या काही बोलेनात, कारण मधे बोलायचं नाही ही त्यांची पद्धत. तेवढं गप्प राहणं मला सोसलं नाही. मी पेन ड्राइव्हचं सांगितलं. लाल चौकट, पुसलेलं पत्र, पुसलेली डिस्क, दुकानदारावर घातलेला आळ, मोरिवलीच्या दारात प्यालेलं पाणी. यूपीएसचा काही संबंध नव्हता हे सांगितलं. रडलो, आणि त्याची वेगळी लाज वाटली, कारण रडायचा हक्क समोर बसलेल्या बाईचा होता.

वहिनींनी फोन उचलून रेकॉर्डिंग बंद केलं. "मी नऊ घरी गेले," एवढंच म्हणाल्या. नॅपकिनची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मग म्हणाल्या, "हे कॉम्प्युटरवर घ्या. कपाटातली डिस्क काढा, त्यावरही घ्या. हे हरवता कामा नये."

मी घेतलं. झालं म्हणालो आणि डिस्क काढायला हात पुढे केला.

"उघडून बघा," वहिनी म्हणाल्या.

मी क्लिक केलं. खोलीत माझा आवाज सुरू झाला, आधी ऐटीत, कारखान्याबद्दल. थोडं ऐकून मी बंद करायला गेलो. वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. तो आवाज मोरिवलीच्या त्या दारापर्यंत येऊन मी प्यालेलं पाणी सांगेपर्यंत आम्ही दोघं ऐकत बसलो, आणि मग वहिनी ते जसंच्या तसं टाइप करू लागल्या.