कापूस न घातलेली बाटली

फोन सानगडीहून आला, मी डाळ फोडणीला घालत होते. "माय गेली वो ताई... झटका आला." शेवंतामावशीचा मुलगा बोलत होता. मग म्हणाला, "एक सांगू का? कार्यक्रमात त्या बिमारीचं नाव काढू नका." मी हो म्हटलं. आई गेलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार...

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.ए.ची पदवी घेतानाचा फोटो अजून भिंतीवर आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. नवरा गेला, मग माझी तपासणी झाली, मलाही एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या तशी लपवालपवीही सुरू झाली. लेबल खरडायचं, बाटलीत कापूस कोंबायचा, म्हणजे एसटीत पिशवी खुळखुळत नाही. आमच्याकडच्या बहुतेक बायका हेच करतात. भंडाऱ्याच्या औषध केंद्रावर बाकावर शेजारी बसलेल्या शेवंतामावशीनं माझी बाटली पाहिली नि सगळ्यांदेखत विचारलं, "काहून वो, मेली का तुही गोळी? कापूस मेलेल्याच्या नाकात घालतेत. आपण तं जित्या आहोत." बायका हसल्या. मीही हसले. कापूस मात्र काढला नाही.

मावशी स्वतः याच गोळ्यांवर जगत होती. रोजीनं रोवणा, म्हणजे भातलावणी, करायची, आणि उरलेल्या वेळात गावोगाव फिरून बायकांना समजवायची की बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नसते. रोवण्याच्या दिवसांत औषधाची तारीख आली की बायका रोजी बुडते म्हणून यायच्याच नाहीत. मग ती आम्हा सगळ्यांना घेऊन केंद्राच्या साहेबांच्या दारात बसली. "साहेब, चिखलात पाय असते तवा आम्ही भंडाऱ्याले कशा येऊ? पावसाळ्याच्या गोळ्या एकदम द्या." साहेब म्हणाले, वर विचारावं लागेल. "इचारा नं. आम्ही बसून आहोत." अर्ज मी लिहायचे, बसायची ती. किती चकरा झाल्या, आता आठवतही नाही. शेवटी गोळ्या एकदम मिळू लागल्या. आनंद करायलाही अंगात त्राण नव्हतं. झाडाखाली बसून आम्ही डब्यातली भाकर खाल्ली नि एसटी धरली.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरापुढच्या मंडपात वंदना झाली, लोक चांगलं बोलले, बिमारीचं नाव कोणी घेतलं नाही. तेवढ्यात मावशीनंच औषधाला लावलेली एकोडीची एक बाई माझ्या कानाशी कुजबुजली, "इतक्या गोळ्या खाये, तरी गेलीच नं? मी तं बंद केल्या."

मावशीनं आयुष्यभर जे केलं, ते तिच्याच मरणानं पुसलं जाणार होतं. मी उठले. मुलाकडे पाहिलं नाही. म्हटलं, "मावशीला एचआयव्ही होता, मलाही आहे. पण मावशी त्यानं गेली नाही, बीपीनं गेली. आमची गोळी तिनं कधी चुकवली नाही. बीपीची मात्र 'कायले खाऊ' म्हणून टाकून दिली." एकोडीची बाई मान खाली घालून बसली.

पाणी प्यायला आत गेले, तर मुलगा मागोमाग आला. "काढलंच नं तुम्ही नाव." मी पाणी ओतून घेतलं. फळीवर मीठ-हळदीच्या मधे मावशीची बाटली होती, लेबल जसंच्या तसं. त्यानं ती उचलली, हलवली. "रोज राती हे वाजलं का मंग आम्ही जेवाले बसत होतो," म्हणाला, आणि बाटली परत जागेवर ठेवली.

घरी येऊन मी माझ्या बाटलीतला कापूस काढला.

पुढच्या तारखेला उरलेल्या गोळ्या दाखवायला बाटली घेऊन निघाले. एसटीत एकोडीची ती बाई आधीच बसलेली होती, पुन्हा गोळ्या आणायला रिकामी बाटली पदराखाली धरून. मी शेजारी बसले, पिशवी खुळखुळली. तिनं दचकून इकडेतिकडे पाहिलं.

"कापूस घाला नं, बाई," ती हळूच म्हणाली.

"जिती आहो मी," म्हटलं, आणि खिडकीला डोकं टेकलं. फार थकले होते.